पौषात फुललेली जाळी

करवंद तोडलं की देठातून पांढरा चीक येतो. तो बोटांना लागला की काळा पडतो आणि चार-पाच दिवस साबणाने, राखेने, चिंचेने, कशानेही जात नाही. जाळीवरही तोडलेल्या देठाच्या टोकाला पांढरा ठिपका सुकून राहतो. त्यामुळे आमच्या सड्यावर करवंदांची चोरी कधी लपली नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवशी तिथं उभ्या असलेल्या वीसेक बायकांपैकी प्रत्येकीला हे ठाऊक होतं.

आमचं गाव मलकापूरच्या वर, एसटीने पाऊण तासावर. गावाच्या डोक्यावर काळ्या कातळाचा सडा आहे. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं, उन्हाळ्यात अनवाणी चाललं तर पाय भाजतात, आणि कातळाच्या कडेकडेने करवंदीच्या जाळ्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या माणसाच्या डोक्याच्या वर जायच्या. तोरणं, अळू, नेर्ली, धामणं ही रानफळंही होती, पण बायकांचा जीव करवंदांत. चैत्र-वैशाखात घरातलं धान्य तळाला जायचं तेव्हा पानांच्या द्रोणांत करवंदं भरून मलकापूरच्या बाजारला न्यायची आणि येताना मीठ-मिरची आणायची.

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती. त्या वर्षी बायकांनी हिरवी करवंदंच ओरबाडली. कुणाच्याच हाती पिकलेलं लागलं नाही. सड्यावर भांडण झालं, एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. गावातल्या बायका एका बाजूला, आमच्या वस्तीतल्या दुसऱ्या बाजूला. शेवटी माझी सासू बाळाबाई आणि गावातल्या शालूची सासू, दोघी मध्ये पडल्या आणि त्यांनी आण घातली. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी कुणी जाळीला हात लावायचा नाही, जाळीपाशी जायचंसुद्धा नाही. फक्त धुळवडीला, जाळी फुलावर असताना, दोघीच जणी वर जातील, एक गावातली आणि एक वस्तीतली. दोघींनी आपापल्या लुगड्याच्या काठाची चिंधी न्यायची आणि थोरल्या जाळीला बांधायची. एकीने धरायचं, दुसरीने ओढायचं, दोन चिंध्यांची एक गाठ. आखितीला त्याच दोघींनी ती सोडायची आणि मग सगळ्यांनी तोडायचं.

आम्ही बौद्ध. आखिती आमचा सण नाही. माझ्या सासूचं म्हणणं होतं की बुद्धपौर्णिमा धरावी, पण तोवर करवंदं गळायला लागतात. मग असं ठरलं की सुरुवात आखितीला आणि शेवटचा द्रोण पौर्णिमेला आमच्या विहारात. पन्नास वर्षं हे चाललं. त्याला कागद नव्हता, पुढारी नव्हता. त्या काळी गावच्या विहिरीवर आमच्या घागरीला जागा नव्हती, पण आमच्या हातचं करवंद सगळ्या खायच्या. माझी सासू म्हणायची, "करवंदाला विटाळ न्हाय लागत बघ, काळंच असतंय ते."

सासूनंतर चिंधी बांधायचं काम माझ्याकडे आलं, शालूच्या सासूनंतर शालूकडे. आम्ही दोघी एकाच वयाच्या, एकाच वर्षी या गावात आलेल्या. मी सातवी शिकलेली, पुढं अंगणवाडीत सेविका झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. शालूच्या पोरानं, पृथ्वीराजनं, अ-आ-इ माझ्यापुढं बसून गिरवलं. गावात मी तिला शालूबाई म्हणायची आणि अहो-जाहो करायची, ती मला सोनू म्हणायची. सड्यावर चढलो की ती शाले आणि मी सोने. ही रीत आमच्यात कधी ठरली हे मला आठवत नाही. शेवटच्या घराच्या पुढं बांध आहे, तो ओलांडला की आपोआप जीभ बदलायची.

तीन वर्षांमागे मार्गशीर्षात दोन दिवस पाऊस पडला. नुसता शिडकावा नव्हे, पन्हळी वाहतील असा. काढून ठेवलेली नाचणी भिजली. त्यानंतर थंडी म्हणून पडलीच नाही. पौषात एक दिवस केरबा धनगर माझ्या दारात आला. त्याची शेरडं सड्याच्या खालच्या अंगाला चरतात. म्हणाला, "सोनाक्का, करवंदीच्या फुलाचा वास येतोय गा."

"केरबा, सर्दी झालीया तुला."

"सर्दी झाल्यावर वास येतोय व्हय कुणाला?"

मी शालूला जाऊन सांगितलं. ती हसली, पण तिच्या तोंडावर काळजी आली. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही लाकडाला जातो म्हणून निघालो आणि सड्यावर चढलो. आण मोडून. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

थोरली जाळी पांढरी झाली होती. पौषात. मी तिथं उभी राहिले आणि मला आनंदच झाला आधी, खोटं कशाला बोलू? एवढी फुलं मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. मग शालू म्हणाली, "सोने, आवाज न्हाय गं."

खरंच नव्हता. धुळवडीला आम्ही जायचो तेव्हा जाळीजवळ उभं राहिलं की अंगाला घुमल्यासारखं व्हायचं. सातेरी माश्या, लहानगी फुलोरी, पाकोळ्या. सातेरीची मोहोळं सड्याच्या खालच्या कपारीत आणि पोकळ झाडांत असतात. माझी सासू सांगायची की माशीची वाट ठरलेली असते. आधी खालच्या रानात सावर फुलते, मग घळीत अंजनी, मग जांभळी आणि करवंदी. खालचं संपेल तशी माशी वर चढते. सासूच्या वेळी ही वाट चुकली नव्हती.

आम्ही एका कातळावर बसलो. समोरच्या धोंड्याची सावली दुसऱ्या धोंड्याला लागेपर्यंत बसलो. शालू येणाऱ्या माश्या बोटांवर मोजत होती. "चार," ती म्हणाली. "त्यातल्या दोन घोंगावनाऱ्या, शेरडावरच्या. म्हंजे दोनच धरायच्या."

"मग फुलांचं काय व्हनार?"

"झडत्याल. आनि काय."

उतरायच्या आधी तिने माझा हात धरला. "सोने, आपन आलतो हे कुनाला सांगायचं न्हाय. बायका म्हनतील, ज्यांनी आन राखायची त्यांनीच मोडली. उद्यापास्नं जो तो उठंल आनि सड्यावर जाईल."

"मी कशाला सांगू?"

"तसं न्हाय. शपथ घे. तू दीप्तीची घे, मी पृथ्वीराजची घेतो."

दीप्ती माझी नात. मी आण-शपथ मानत नाही. अंगणवाडीत बाळांना लस द्यायला आया तयार व्हायच्या नाहीत, तेव्हा त्यांची असली बंधनं मीच हसून मोडायची. पण शालूने हात धरला होता. मी दीप्तीच्या गळ्याची शपथ घेतली, की शालू इथं आलती हे माझ्या तोंडून निघणार नाही. तिने पृथ्वीराजची घेतली, की सोनू इथं आलती हे तिच्या तोंडून निघणार नाही. मग आम्ही चार काटक्या गोळा केल्या, मोळी बांधली आणि खाली आलो.

धुळवडीला दोघीच वर गेलो तेव्हा जाळीवर फूल नव्हतं. कुठंकुठं मोहरीएवढं हिरवं धरलेलं, बाकी नुसती पानं. मी म्हटलं, "आता तरी बायकांना सांगूया." शालू म्हणाली, "वळीव पडंल. दुसरा बहर येईल. बांध तू." मी धरलं, तिने ओढलं. फुलं नसलेल्या जाळीला आम्ही गाठ मारली.

चैत्रात असं ऊन तापलं की अंगणात ठेवलेलं पाण्याचं भांडं हाताला चटका द्यायचं. जे थोडं धरलं होतं ते आखितीच्या तीन आठवडे आधीच पिकलं असणार. बुलबुलांनी खाल्लं, राहिलेलं वाळलं. पण हे मी अंदाजाने सांगते. आम्ही तिकडे गेलो नव्हतो, आण होती ना.

आखितीला बायका नटूनथटून निघाल्या. गावाच्या आणि वस्तीच्या मिळून वीसेक. शालूची सून राजनंदिनी बचत गटाचं काम बघते. तिने करवंदाच्या सरबताचं मागणं घेऊन ठेवलं होतं, बाटल्या आणून घरात रचल्या होत्या. ती पुढं चालत होती. बांध ओलांडला, सडा चढलो, आणि पुढच्या बायका थांबल्या.

जाळीवर काही नव्हतं. दुसरीवर नव्हतं. तिसरीवर पाच-सहा सुरकुतलेली. बायका जाळीजाळीतून फिरून आल्या. मग बायडाबाई बोलली. ही गावातली सगळ्यांत मोठ्या तोंडाची बाई, मनाने वाईट नाही, पण डोक्यात येईल ते तोंडात.

"कुनीतरी आधीच येऊन झोडलंय. केरबा म्हनत हुता, पौषात बाईमानूस बसलं हुतं जाळीपाशी. त्येला लांबचं दिसत न्हाय, पर लुगडं दिसलं म्हनं. कोन आलतं?"

मी शालूकडे बघितलं. ती जाळीच्या गाठीकडे बघत होती. राजनंदिनी तिच्या शेजारी उभी होती, हातात रिकामी पाटी.

"अत्तीबाई, तुमास्नी ठाऊक हाय काय?" राजनंदिनीने विचारलं.

"सोनू गेलती," शालू म्हणाली.

एवढंच. दोन शब्द. आणि ते खोटेही नव्हते.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शालूकडेच बघत राहिले, कारण मला वाटलं हिचं वाक्य अजून संपलेलं नाही. पुढचं ती बोलेल, श्वास घेते आहे. तिने श्वास घेतला आणि पदर डोक्यावर सारखा केला.

"गेलते," मी म्हटलं. "पौषात. बघायला. तवाच फुललं हुतं सगळं आनि माशी नव्हती. म्हनून धरलं न्हाय. पौषात करवंद असतंय व्हय चोराय?"

"पौषात गेली ती चैत्रात न्हाय गेली कशावरनं?" मागून कुणीतरी म्हणालं.

मी दोन्ही हात पुढं केले. "हे बघा हात. चीक दिसतोय? जाळीची टोकं बघा, एकतरी पांढरा ठिपका दाखवा."

बायडाबाई जवळ आली. तिने माझ्या हातांकडे बघितलं, मग नजर उचलून म्हणाली, "हात धुता येत्यात की."

साठी-सत्तरीतल्या बाया होत्या त्या. जन्मभर करवंदं तोडलेल्या. चीक धुतल्याने जात नाही हे त्यांना आईच्या दुधाबरोबर कळलेलं. पण एकीनेही जाळीचं टोक धरून बघितलं नाही. मला नंतर कळलं की त्यांना ते बघायचंच नव्हतं. चोर सापडला तर पुढल्या वर्षी करवंदं येणार होती. चोर नसला तर काय, ह्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

शालूने एकटीने गाठ सोडली. माझी चिंधी तिने माझ्या हातात दिली. तिची बोटं गार होती, भर वैशाखात. त्या दिवशी ठरलं की पुढल्या वर्षापासून वस्तीची चिंधी नको. माझ्या एकटीची शिक्षा वस्तीला. वस्तीतल्या बायका माझ्याशी भांडल्या, "एकटी कशाला मराय गेलीस वर?" मी एकटी नव्हते गेले, हे मी त्यांनाही सांगितलं नाही. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर झाली, करवंदाचा द्रोण नव्हता. माझी सासू असती तर तिने मला उभं करून जाब विचारला असता.

पावसाळ्याच्या आधी मी कोल्हापूरला मुलाकडे आले. प्रसेनजीत मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहतो, पोस्टात नोकरीला आहे. दीप्ती त्याचीच, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. मी तिला सगळं सांगितलं, फक्त शालूचं नाव गाळून. ती म्हणाली, "आजी, झाडाला तिथी कळत नाही. त्याला ओल आणि ऊब कळते. पाऊस अवेळी पडला, थंडी आली नाही, त्याला वाटलं वेळ झाली. माशीचं वेगळं असतं. तिला खालचं फूल संपल्यावर वर यायचं असतं." तिच्या पुस्तकात याचे तक्ते होते. डोंगरात सगळीकडे असंच होतंय म्हणाली. मी तक्ते बघितले. मला त्यांत माझी जाळी दिसेना, पण सासूचं बोलणं दिसलं.

पेठेत एप्रिलमध्ये हातगाडीवर करवंदं येतात. मी एकदा विचारलं, "कुठली गा?" तो म्हणाला, "घ्या की मावशी, गोड हाईत. कुठली का असंनात." मी घेतली नाहीत. घेतली असती तरी तोंडात घातली नसती.

पुढल्या धुळवडीला गावाने आपली एकट्याचीच चिंधी बांधली. पृथ्वीराजने सड्यावर राखण ठेवली, आळीपाळीने माणसं बसवली. आखितीला जाळ्या रिकाम्याच निघाल्या. हे मला वस्तीतून फोनवर कळलं. मला वाटलं आता शालूचा फोन येईल. पावसाळा गेला, दिवाळी गेली. फोन आला नाही.

माघात एक दिवस सकाळी दार वाजलं. शालू उभी होती, हातात पिशवी, जिना चढून आल्याने धाप लागलेली.

"ही काय गल्ली म्हनायची? म्हशीला वळाय जागा न्हाय. आनि तू हितं ऱ्हातीस?"

"या, शालूबाई," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. आत आली, कॉटवर बसली. पिशवीतून नाचणीचं पीठ आणि आमसुलं काढली. दीप्तीने चहा केला. शालूने तो बशीत ओतला आणि बशी हातातच धरून ठेवली.

"धुळवड जवळ आली," ती म्हणाली. "बायकाच म्हनत्यात, सोनूला बोलवा. राखन ठेवली तरी जाळी मोकळी. मग चोरी कुनाची म्हनायची? बायडी तर म्हनली, आपलं चुकलं."

"त्यांना तुम्ही सांगितलं का?"

"काय?"

"पौषात मी कुणासंगं बसलेवते ते."

दीप्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघू लागली.

शालूने चहा पिऊन टाकला, एका दमात. "सोने, राजनंदिनी हुती शेजारी. तिचं सगळं मागनं घेऊन ठेवलेलं. मी म्हनलं असतं की मीबी आन मोडली, तर माझ्या घरात कुनी ऐकलं असतं माझं? सासूनं चिंधी माझ्या हातात दिलीवती."

"मलाही सासूनेच दिली होती."

"व्हय की."

"आन मी मोडली म्हटल्यावर मात्र सगळ्यांनी ऐकलं."

तिने बशी खाली ठेवली. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. 

"तुम्ही पृथ्वीराजची शपथ घेतली होती," मी म्हटलं.

"शपतंनं काय व्हतंय? त्यो ठणठणीत हाय."

"म्हणून तर म्हणते. दीप्तीलाही काही झालं नसतं."

तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदाच. तिने पदराने तोंड पुसलं. "सांगतो," ती म्हणाली. "धुळवडीला. समद्या बायका घेऊन जाऊया ह्या वर्षी. समद्यांदेखत सांगतो, मी हुतो म्हनून. मग तर येशील?"

मी हो म्हटलं. मला दुसरं काही नको होतं. करवंदं येतील न येतील, ते आता माझ्या हातात राहिलं नव्हतं. पण सासूकडून आलेली चिंधी चोराची म्हणून परत आली होती, आणि ती दीप्तीच्या हातात द्यायची तर धुतलेली द्यावी असं मला वाटत होतं.

शालू गेल्यावर दीप्ती माझ्याजवळ बसली. "दोन वर्षं तू माझ्यामुळं गप्प बसलीस?"

"तुझ्यामुळं न्हाय गं. मी शब्द दिला होता."

"आता सांग की सगळ्यांना. मला काही होत नाही."

"तिने सांगायला पाहिजे."

धुळवडीला दीप्ती माझ्याबरोबर आली. मी माझ्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून नेला, हिरवा, लाल रेघेचा. बायका बांधाजवळ जमल्या होत्या. बायडाबाई पुढं आली आणि मोठ्यांदा म्हणाली, "सोनाक्का, तोंड फिरवू नगंस बाई. आमची जीभ लांब, डोकं आखूड." सगळ्या हसल्या. मीही हसले. तिने माझा हात धरला आणि चढ संपेपर्यंत सोडला नाही. त्या बाईबद्दल माझ्या मनात काही उरलं नाही.

या वर्षीही जाळ्या पौषातच फुलून गेल्या होत्या. थोरली जाळी एका अंगाने वाळायला लागली होती. तिच्या खाली झडलेली फुलं तपकिरी होऊन चिकटली होती, चुरडली की धूळ व्हायची. दीप्तीने काही वहीत लिहून घेतलं. बायका बघत होत्या. कुणी म्हणालं, देवीचं काही चुकलं असंल. कुणी म्हणालं, तिकडं खाली झाडी तोडली म्हणून. राजनंदिनी म्हणाली, "पर एक कळलं. मानसानं तोडलेलं नव्हतं. सोनामावशीस्नी उगाच बोललो आमी."

आता शालूची वेळ होती. ती माझ्या समोर उभी होती, हातात तिची पिवळ्या काठाची चिंधी. मी तिच्याकडे बघितलं. बायका आमच्याभोवती सरकल्या, जणू त्यांनाही माहीत होतं की काहीतरी बोललं जाणार आहे. शालूने घसा साफ केला.

"मी तवाच म्हनत हुतो," ती म्हणाली, "सोनू तसली न्हाय."

बायकांनी माना हलवल्या. बायडाबाई म्हणाली, "व्हय, शालाक्का पहिल्यापास्नं तुझ्या बाजूनं हुती बघ." आणि मला दिसलं की हे आता असंच राहणार. पुढल्या वर्षी ते आणखी पक्कं होईल, आणि शालूला स्वतःलाही ते खरं वाटायला लागेल. कदाचित तेव्हाच वाटायला लागलं होतं. तिच्या तोंडावर लाज नव्हती, सुटका होती.

दीप्तीने माझं कोपर धरलं. ती बोलणार होती. मी तिच्या हातावर हात ठेवला.

शालूने तिच्या चिंधीचं टोक जाळीभोवती नेलं आणि माझ्यापुढं धरलं. "धर की सोने."

मी माझी चिंधी घडी करून ओच्यात खोवली.

"शालूबाई," मी म्हटलं, "तुमीच बांधा."

सड्यावर मी तिला कधी असं म्हटलं नव्हतं. इतर कुणाला त्यात काही वाटलं नाही, गावात मी तसंच म्हणायची. तिला मात्र कळलं. तिची मान खाली गेली. ती एकटीच बांधू लागली. धरायला दुसरा हात नसल्याने चिंधी सटकायची. दोनदा सटकली. मग तिने एक टोक दातांत धरलं आणि दुसरं ओढलं. बायडाबाई पुढं झाली, "आन इकडं, मी धरतो." मी बघत थांबले नाही.

मी आणि दीप्ती घळीच्या वाटेने उतरलो. घळीत अंजनी फुलली होती, फांद्यांना जांभळी फुलं लगडलेली, आणि तिथं मला तो आवाज ऐकू आला. सातेरी. शेकड्याने. दर वर्षी याच दिवसांत असायच्या तशा. दीप्ती हरखून जवळ गेली. म्हणाली, "आजी, आल्यात की गं!"

आल्या होत्या, त्यांच्या वेळेला. चार-आठ दिवसांत अंजनी संपेल आणि त्या वर सड्यावर चढतील.

दीप्तीने हात पुढं केला. "चिंधी मला दे ना. मी ठेवते."

मी ओच्यातून काढून दिली. तिने ती उलगडून बघितली, काठावरची लाल रेघ बोटाने चाचपली. विचारलं, "ही कुणाबरोबर बांधायची मी?"

"आधी ठेव," मी म्हटलं. मग आम्ही एसटीच्या थांब्यावर येऊन बसलो. मलकापूरची गाडी यायला अजून तास होता. तेवढ्या वेळात मी तीनदा मागं वळून वाटेकडे बघितलं. शालू येत नव्हती.